देशोदेशींचें वजन

गेल्या फाल्गुनांत माझ्या धाकट्या मुलीच्या पोटावर पुण्यास एक शस्त्रक्रिया झाली. तिला अपेंडिक्सचा विकार नव्हता, मूतखडाहि नव्हता. तिचें वजन उतरावें एवढ्यासाठीं डॉक्टरांनीं तिच्या जठराचा सुमारें तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकला. हें वाक्य लिहितांना आजहि माझा हात थोडा अडखळतो. आमच्या घराण्यांत पोटासाठीं माणसें देशोधडीला लागलीं, वार लावून जेवलीं, माधुकरी मागून शिकलीं. पण पोट लहान करून घेण्यासाठीं कोणी पैसे मोजले, असें निदान ज्ञात पिढ्यांत तरी घडलें नव्हतें.

आम्ही वाईस एकत्र राहतों. वृद्ध आई, मी व माझें कुटुंब, धाकटा भाऊ वसंत, त्याची पत्नी, मुलगा आणि सून असा आमचा संसार आहे. मैत्रेयी लग्नानंतर पुण्यास असते. आदल्या वर्षीं दिवाळीला ती माहेरीं आली, तेव्हां भाऊबीजेच्या रात्रीं जेवणें उरकल्यावर तिनें हा विषय काढला. तिला मधुमेह जडला होता, रात्रीं झोपेंत श्वास अडकून ती दचकून उठे, आणि दोन डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेचा सल्ला दिला होता. आई म्हणाली, “खात्यापित्या घरची पोर आहे, अंगानें भरलेलीच असायची. त्यासाठीं का कोणी पोट फाडून घेतें?” वसंतानें खर्चाचा आंकडा विचारला. आणि मीं, म्हणजे ज्याला शहाणपण शिकविण्यांतच छत्तीस वर्षें पगार मिळाला त्या मीं, म्हटलें, “बाळ, चार घांस कमी खावेत, आणि रोज तासभर चालावें. त्याला शस्त्र कशाला?”

ती शांतपणें म्हणाली, “अण्णा, मी वीस वर्षें कमीच खातें आहें.”

या उत्तरावर मला बोलतां आलें नाहीं. पण तें पटलेंहि नाहीं. न पटलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करण्याची मास्तरकीची खोड मला आहे. तेव्हां पुतण्याच्या संगणकाच्या साह्यानें मीं माहिती जमविण्यास आरंभ केला व एक शंभर पानी वही घातली. माझा हेतु, खरें सांगावयाचें तर, मुलीची चूक तिच्या पदरांत घालणें हा होता. स्थूलपणा हा आळसाचा व जिभेचा दोष असेल, तर ज्या देशांतले लोक आळशी व जिभलट ते स्थूल आणि उद्योगी ते सडपातळ असें दिसावें, अशी माझी अटकळ होती.

वहीच्या पहिल्याच पानावर ती अटकळ डळमळली. स्थूलता मोजण्याचें जें माप जगभर चालतें त्याला बी. एम्. आय्. म्हणतात. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावें. येणारा आंकडा २५ च्या वर गेला तर वजन जास्त, ३० च्या वर गेला तर मनुष्य स्थूल. हें गणित क्वेटलेट नांवाच्या बेल्जियन पंडितानें १८३० च्या सुमारास मांडलें. तो वैद्य नव्हता. तो ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ होता, आणि त्याला सामान्य मनुष्याचे ठोकताळे हवे होते, कोणाचा रोग ओळखावयाचा नव्हता. त्याला आजचें नांव मिळालें तें १९७२ सालीं, ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाकडून. मैत्रेयीची उंची १ मीटर ५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. भागाकार ४६ आला. माझा स्वतःचा आला २२ आणि वर कांहीं दशांश. मला, लपवीत नाहीं, थोडें समाधान वाटलें.

या मापानें जग तपासलें तर काय दिसतें? २०२२ सालीं पृथ्वीवरील शंभर कोटींहून अधिक माणसें स्थूल होतीं, म्हणजे आठांत एक. अमेरिकेंत प्रौढांपैकीं शंभरांत चाळीस स्थूल. जपानांत अवघे चार-पांच. येथवर माझी अटकळ टिकण्यासारखी होती. पण यादीच्या अगदीं शिरोभागीं अमेरिका नाहींच. तेथें आहेत पॅसिफिक महासागरांतलीं चिमुकलीं बेटें: टोंगा, नाउरू, अमेरिकन सामोआ. तेथें शंभरांत साठांहून अधिक प्रौढ स्थूल आहेत. हे लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रावर नावा हांकणारे, मासे धरणारे व कंदमुळें पिकविणारे होते. यांना आळशी कोण म्हणेल? नाउरूची जमीन तर परकीयांनीं खतासाठीं लागणाऱ्या फॉस्फेटकरितां पोखरून काढली. शेतीला भुई उरली नाहीं, आणि डबाबंद मांस, तांदूळ व साखर जहाजानें येऊं लागलीं. सामोआची हकीगत याहून बोलकी आहे. अमेरिकेंत टर्की पक्ष्याच्या शेपटीचा चरबीचा गोळा कोणी फारसें खात नाहीं. तो माल स्वस्तांत सामोआला जाई. तेथील सरकारनें २००७ सालीं ती आयात बंद केली. परंतु जागतिक व्यापार संघटनेचें सभासदत्व हवें असल्यास ही बंदी चालणार नाहीं असें ठरलें, आणि २०१२ सालीं सामोआ सभासद झाला तो बंदी सोडून देण्याचें कबूल करूनच. गरीब बेटानें आपल्या माणसांच्या ताटांतून चरबी काढून टाकावी म्हटलें, तर तीहि मोकळीक त्याला नव्हती! इतकें वाचून मीं वही मिटली व घाटावर जाऊन बसलों.

जपानची गोष्ट उलट दिशेनें शिकविते. तेथें २००८ पासून कायद्यानें ४० ते ७४ वर्षांच्या माणसांच्या कमरेचें माप दरसाल घेतलें जातें. पुरुषांस ८५ सेंटिमीटर व स्त्रियांस ९० ही मर्यादा. माप ओलांडलें तर शिक्षा होत नाहीं, सल्ला मिळतो; पण ज्या कंपनींत वा गांवांत तो मनुष्य आहे तेथील विमा-व्यवस्थेवर त्याचा बोजा पडूं शकतो. ओकिनावा बेटावर पोट दहांपैकीं आठ भाग भरलें कीं थांबावें असा जुना रिवाज आहे. हें वाचून मला अर्थातच वाग्भट आठवला. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला व एक वायूला ठेवावा, हा त्याचा हिशेब आम्हां पाठशाळेंतल्या पोरांना मुखोद्गत होता. हिशेब पाठ होता. आचरण मात्र लाडवांच्या पंगतींत पैज लावण्याचें! आग्रह हा आपल्याकडे पाहुणचाराचा प्राण आहे. आणि भाषाच पाहा: गुटगुटीत, बाळसेदार, भरलेली, धष्टपुष्ट हे सारे कौतुकाचे शब्द. परगांवाहून मुलगा आला कीं आईचा पहिला उद्गार “किती वाळलास रे!” हाच. ज्या देशांत दुष्काळ वारंवार आले, तेथें चरबी म्हणजे घरांतली शिल्लक वाटावी, हें स्वाभाविकच नव्हे काय?

आपल्या देशाचे आंकडे पाहूं लागलों तेव्हां दुसराच पेंच पडला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत स्त्रियांपैकीं शंभरांत २४ व पुरुषांपैकीं सुमारें २३ यांचा अंक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. शहरांतल्या स्त्रियांत तर तिघींत एक. अमेरिकेच्या तुलनेनें हें थोडें वाटेल. पण आपल्याकडील डॉक्टर २३ लाच सावध करतात आणि २५ ला स्थूल म्हणतात. असें कां, याचें उत्तर एका पुणेकर डॉक्टरांनीं स्वतःच्याच देहावरून दिलें आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन या दोघांचें चित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत २००४ सालीं प्रसिद्ध झालें. दोघांचाहि बी. एम्. आय्. नेमका २२.३. पण अंगांतील चरबी मोजली तेव्हां इंग्रज डॉक्टरांच्या देहांत ती शंभरांत ९.१ निघाली, आणि आमच्या पुणेकरांच्या देहांत २१.२! दिसावयास कृश, आंतून मेदस्वी. याज्ञिकांनीं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात बालकें तपासलीं. तीं इंग्रज बालकांहून हलकीं भरलीं, तरी चरबी मात्र त्या मानानें राखून होतीं.

आतां माझें समाधान कोठें गेलें तें सांगतों. माझा अंक बाविसाच्या घरांत आहे, आणि मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. सडपातळ मास्तर म्हणून मी मिरवीत होतों. माझ्या वडिलांना मधुमेह होता, तेहि काटकुळे. आणि माझी आत्या प्रचंड देहाची होती व तिलाहि तोच रोग होता. एकाच बीजाला आलेलीं हीं दोन रूपें. मुलीच्या वांट्याला एक आलें, माझ्या वांट्याला दुसरें. आणि मीं मात्र तिच्या रूपाला दोष ठरविलें व माझ्या रूपाला शील.

त्या रात्रीं मीं चरकसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांचें वर्णन आहे, त्यांत अतिस्थूल व अतिकृश यांचा विस्तार आहे. अतिस्थूलपणाचीं कारणें चरकानें सांगितलीं आहेत: अति आहार, गुरु, मधुर, शीत व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप, निश्चिंतपणा. हीं मी तरुणपणापासून घोकीत आलों, मुलांना सांगत आलों. पण यादीच्या शेवटीं एक शब्द आहे, ‘बीजस्वभाव’. मायबापांच्या बीजाचा स्वभाव. चाळीस वर्षें माझी दृष्टि त्या शब्दावरून घसरून गेली होती. दोन हजार वर्षांपूर्वींच्या वैद्याला जें दिसलें, तें त्याचा ग्रंथ उशाशीं ठेवणाऱ्या बापाला दिसूं नये! शिवाय अतिकृश व अतिस्थूल यांत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा कठीण, असें वाग्भटानें म्हटलें आहे. वैद्याला कठीण वाटतें, तें मीं “चार घांस कमी” म्हणून सोपें करून टाकलें होतें.

चिकित्सेचा विषय आला म्हणून शस्त्रक्रियेकडे वळतों. जठर लहान करून आंतड्याला वळण देण्याची युक्ति अमेरिकेंत आयोवा येथील एडवर्ड मेसन या सर्जननें १९६६ च्या सुमारास प्रथम योजिली. हल्लीं जी अधिक चालते, तींत जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची बाही केली जाते. म्हणून तिला स्लीव्ह म्हणतात. काढलेल्या भागांत भूक चेतविणारा एक स्राव तयार होत असतो, तोहि त्यामुळें घटतो. म्हणजे कापलें जातें तें केवळ पोट नव्हे, कांहीं अंशीं भूकहि. १९९१ सालीं अमेरिकेंत तज्ज्ञांनीं ठरविलें कीं अंक ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा विकार असल्यास ती करावी. २०२२ सालीं हीच मर्यादा खालीं आणली गेली, व आशियाई लोकांसाठीं आणखी खालीं. स्वीडनमध्यें १९८७ पासून सुमारें चार हजार स्थूल माणसांवर लक्ष ठेवलें गेलें, त्यांतील निम्म्यांनीं शस्त्रक्रिया करविली होती, निम्म्यांनीं नाहीं. २००७ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाण स्पष्टपणें कमी होतें. वसंताच्या पैशाच्या शंकेपेक्षां मला हा एक आंकडा अधिक उपयोगी पडला.

आतां जेथें स्थूल अधिक तेथें शस्त्रक्रिया अधिक, असें असावें कीं नाहीं? मुळींच नाहीं. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें एक अरुंद खाडी आहे. इंग्लंडांत प्रौढांपैकीं चारांत एकाहून अधिक स्थूल. फ्रान्सांत त्याहून बरेच कमी. पण २०१६ सालीं फ्रान्सांत अशा ५९ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत त्याच सुमारास सात हजारहि नव्हत्या. फ्रेंच लोक शस्त्राला धीट व इंग्रज भित्रे, असें कोणी म्हणेल तर तें हास्यास्पद होईल. फ्रान्सांत सर्जनकडे वाट सरळ जाते, खासगी रुग्णालयें पुष्कळ आणि खर्चाचा मोठा भाग सामाजिक विम्यांतून सुटतो. इंग्लंडांत रोग्याला आधीं पायऱ्यापायऱ्यांनीं आहारतज्ज्ञ व वजन-नियंत्रणाचे वर्ग यांतून महिनेमहिने जावें लागतें, आणि कोणत्या भागांत राहतो यावरहि त्याचें नशीब अवलंबून असतें. कुवेतांत स्थूलताहि भरपूर आणि पैसाहि, म्हणून लोकसंख्येच्या मानानें तेथें शस्त्रक्रिया पुष्कळ. जपानांत २०१४ पर्यंत स्लीव्ह विम्यांत बसत नव्हती. आजहि तेथें तिची संख्या अल्पच आहे. अमेरिकेंत वर्षाला अडीच लाखांहून अधिक होऊं लागल्या, तरी ज्यांना ती लागू पडते अशांपैकीं शंभरांत एकालाच त्या वर्षीं ती मिळते. आणि ज्या बेटांवर स्थूलता सर्वाधिक, त्यांचीं नांवें या दुसऱ्या यादीच्या वरच्या अंगाला शोधूनहि सांपडत नाहींत. शस्त्रक्रियांची संख्या मेद मोजीत नाहीं. ती तिजोरी मोजते आणि रुग्णालयाचा रस्ता मोजते.

आपल्याकडे एकशेंचाळीस कोटींत वर्षाला वीस हजारांच्या आसपास. त्यांत कोणाच्या मुली असतील? अर्थात् ज्यांचे बाप मुदतीची ठेव मोडूं शकतात त्यांच्या. विम्याचा अनुभवहि सांगतों. कंपनीनें प्रथम कळविलें कीं हा देखणेपणाचा उपचार असून त्याचे पैसे मिळत नाहींत. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांत, अंक ४० वर असल्यास, किंवा ३५ वर असून गंभीर विकार असल्यास, हा अपवाद नाकारतां येत नाहीं असें मला आढळलें. मीं स्वच्छ अक्षरांत, कलमाचा उल्लेख करून, दोन पानी पत्र लिहिलें. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे निबंध तपासले. हा एक निबंध मला स्वतःच्या पोरीसाठीं लिहावयाचा होता. निम्म्याहून थोडे अधिक पैसे मंजूर झाले. उरलेल्यांची वाट वसंतानेंच काढली. “दादा, ठेव माझी आधीं मोडूं, तुमची राहूं द्या,” एवढेंच तो म्हणाला.

वजन उतरविणारीं नवीं इंजेक्शनें आतां आपल्याकडेहि मिळूं लागलीं आहेत, त्यांविषयीं डॉक्टरांना मीं विचारलें. तीं गुणकारी आहेत, पण थांबविलीं तर वजन बहुधा परत चढतें आणि वर्षानुवर्षें घेण्याचा खर्च मोठा, असें उत्तर मिळालें. निर्णय मैत्रेयीनें व जांवईबापूंनीं घेतला. आम्ही मान डोलावली, एवढाच आमचा भाग.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीं रुग्णालयाच्या खोलींत आम्ही दोघेंच होतों. बाहेरच्या दालनांत त्या दिवशीं त्याच कारणासाठीं आलेल्या सात जणांत पांच बायका होत्या, हें मीं संवयीनें मोजून ठेवलें होतें. जगभर हें प्रमाण असेंच, चारांत तीन स्त्रिया, असें आहे. पुरुष काय स्थूल नसतात? पण त्यांच्या पोटाकडे बोट कोण दाखवितो!

मला एक गोष्ट तिला सांगावयाची होती. ती आठवींत असतांना मी तिच्याच वर्गाला संस्कृत शिकवीत होतों. एके दिवशीं बहुव्रीहि समास चालला होता. ‘लंबोदर’ हा शब्द मीं फळ्यावर लिहिला, विग्रह केला, आणि अर्थ सांगतांना माझी नजर तिच्या बांकाकडे गेली व मी हंसलों. वर्ग मोठ्यानें हंसला. मीं पुढचा शब्द लिहिला. पंचवीस वर्षें मीं तो प्रसंग विनोद म्हणून मनांत ठेवला होता. वही भरूं लागल्यापासून तो माझ्या घशाशीं येत होता. मीं म्हटलें, “मैत्रेयी, आठवीच्या वर्गांत एकदां...” आणि पुढें शब्द सुचेनात.

ती खिडकीकडे पाहत म्हणाली, “आठवतें, अण्णा. तो समास मी परीक्षेंत कधीं चुकलें नाहीं.”

थोड्या वेळानें तिनेंच माझ्या हातांतली पिशवी घेऊन माझ्या गोळ्यांची डबी बाहेर काढली, रात्रीची गोळी घेतली कीं नाहीं तें विचारलें, आणि पाण्याचा पेला माझ्यापुढें केला.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. पहिले कांहीं दिवस नुसतें पातळ, मग भाताची पेज, मग वाटीभर अन्न, तेंहि चावून चावून. बी-१२, लोह व इतर जीवनसत्त्वें तिला आतां जन्मभर घ्यावीं लागतील. केस गळाले, दोनदां उलट्यांनीं ती हैराण झाली. हें सारें गोड नाहीं, हें वाचणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. पण साखर ताब्यांत आली, आणि ती रात्र रात्र झोंपूं लागली. भाद्रपदापर्यंत वजन ८४ वर आलें.

गणपतीला सगळीं घरीं जमलीं. उकडीचे मोदक आईच्या देखरेखीखालीं झाले होते, आणि पंगतींत ती नेहमींप्रमाणें काठी टेंकीत स्वतः वाढावयास निघाली. मैत्रेयीनें एक मोदक फोडून अर्धा खाल्ला व हात आंवरला. आई दुसरा मोदक घेऊन तिच्या ताटावर वांकली. कोणी कांहीं बोललें नाहीं. आईचा हात तसाच क्षणभर ताटावर राहिला. मग तिनें तो मोदक परत ताटलींत ठेवला आणि मैत्रेयीच्या पाठीवरून हात फिरवून पुढें गेली. राहिलेला अर्धा मोदक कोणाच्या लक्षांत नाहीं असें पाहून मीं हात पुढें केला.

“अण्णा, तुम्हांलाहि नाहीं,” असें म्हणून तिनें तो उचलला आणि आपल्या मुलाच्या ताटांत ठेवला.